बिडाची चूल आणि तिची डागडुजी

चूल हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असल्यास त्यात नवल नाही. वसंतात व्याख्याने ऐकावयास येणारा नागपूरकर संतवाङ्मयापासून ग्रहताऱ्यांपर्यंत सर्व काही आनंदाने ऐकून घेतो. परंतु ज्या वस्तूच्या जोरावर घरादाराचे पोट भरले, त्या वस्तूच्या पोटात काय आहे हे पाहण्याची पाळी त्याच्यावर सहसा येत नाही. आज ज्या चुलीविषयी बोलावयाचे ती आपल्या ओळखीची मातीची चूल नव्हे. ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. चार पायांवर उभी, वर झाकणे असलेली चारसहा भोके, पोटात एका बाजूस जळणाचा कोठा, दुसऱ्या बाजूस भाजण्याची भट्टी, आणि मागे धुराडे. थंड मुलखातील घरांत ती शंभर वर्षांहून अधिक काळ राबली. आपल्याकडे ती घरोघरी कधीच नव्हती. तरीही एखाद्या जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत, गंजून लाल झालेली अशी एखादी चूल निघते आणि घरच्या मंडळींपुढे प्रश्न पडतो, की भंगारवाल्याला बोलवावयाचे की कारागिराला?

भंगारवाल्याचा हिशेब सोपा आहे. दीडशे किलो वजन, इतक्या रुपयांनी किलो, आणि घणाचे चार घाव. बीड घणाखाली फुटते, त्यामुळे नेण्यासही सोयीचे. कारागिराचा हिशेब मात्र निराळा असतो, आणि तो समजावयाचा तर आधी बीड म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

बिडाचा तवा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे अथवा होता. तो हातून पडला की दोन तुकडे होतात, पोळीचा साधा लोखंडी तवा मात्र पडला तर वाकतो. हा फरक कार्बनाचा. बिडात शेकडा अडीच ते चार भाग कार्बन असतो आणि त्याचा बराचसा अंश ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूभर पसरलेला असतो. या कार्बनामुळेच बीड साडेअकराशे ते बाराशे अंशांच्या सुमारास वितळते. शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. लवकर वितळते म्हणून वाळूच्या साच्यात ओतता येते, आणि ओतता येते म्हणून चुलीच्या दारावर वेलबुट्टीसुद्धा काढता येते. पण तेच पापुद्रे ताण पडला की चिरेला वाट करून देतात. बीड दाब वाटेल तितका सोसते. ओढ आणि धक्का सोसत नाही. चुलीच्या डागडुजीतील अर्ध्याअधिक खबरदाऱ्या या एका वाक्यातून निघतात.

आपल्या मुलखाला लोखंड नवे नव्हते, बीड नवे होते. जुन्या मध्य प्रांतातील अगरिया लोकांच्या लहान मातीच्या भट्ट्यांतून लोखंड वितळून वाहत नसे. ते स्पंजासारख्या गोळ्याच्या रूपाने निघे आणि घणाने ठोकून घट्ट करावे लागे. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ याच लोकांवर आहे. असे लोखंड कुऱ्हाडीला, फाळाला उत्तम. चुलीचे दार त्याचे ओतता येत नाही. मोठ्या भट्टीचे स्वप्न मात्र एकदा आपल्या अगदी दाराशी येऊन गेले. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ साली चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोखंडाविषयीचा एक अहवाल पडला. खनिज उत्कृष्ट होते. परंतु जवळच्या वरोऱ्याचा कोळसा त्या कामाच्या उपयोगी ठरला नाही. टाटांचा कारखाना पुढे १९०७ नंतर साकचीला उभा राहिला. वरोऱ्याचा कोळसा जरा बरा निघता तर विदर्भाचा इतिहास कसा झाला असता, हा विचार मनात येतोच, असो.

पश्चिमेकडे चुलीच्या आधी भांडे आले. अब्राहम डार्बीने १७०७ साली वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड या गृहस्थाने म्युनिकच्या सार्वजनिक पाकशाळांत उघडा विस्तव बंद कोठ्यात घालून दाखविला आणि जळणाची केवढी उधळपट्टी चालली होती हे लोकांच्या ध्यानात आणून दिले. अमेरिकेत १८३४ साली फायलो स्टुअर्ट याने ‘ओबर्लिन’ नावाच्या लहान बिडाच्या चुलीचे पेटंट घेतले, आणि आल्बनी व ट्रॉय या गावांत अशा चुली ओतण्याचे मोठे कारखाने निघाले. ज्या चुली आज गंजलेल्या स्थितीत सापडतात त्या बहुधा या घराण्यातल्या.

ही चूल चालते कशी? ज्यांनी आईला वा आजीला मातीच्या चुलीवर रांधताना पाहिले आहे त्यांना हे समजावयास अवघड नाही. चुलीशेजारी वैल असते. मुख्य तोंडावर भाकरी होते आणि उरलेली आच आतल्या भोकातून वैलावर जाते. तेथे वरण शिजत राहते. बिडाची चूल म्हणजे वाढविलेले वैल होय. जळणाच्या कोठ्यात तळाशी जाळी, जाळीखाली राखेचा खण, आणि खणाच्या दाराला हवा आत येण्याची फट. ज्वाळा वरच्या पत्र्याखालून सरकत जातात, सगळ्या भोकांखालून फिरतात. मागे एक झडप आहे. ती उघडी असली तर धूर सरळ धुराड्यात जातो. पेटविताना हीच वाट ठेवावयाची. विस्तव धरला की झडप मिटावयाची. मग तोच गरम धूर भट्टीच्या डोक्यावरून, कुशीवरून, तळाखालून फेरी घालून मगच बाहेर पडतो. ज्यांना ही ओढ प्रत्यक्ष समजून घ्यावयाची असेल त्यांनी मोतीबागेतील नॅरो गेज रेल्वे संग्रहालयात जाऊन वाफेच्या इंजिनाची रचना पाहावी. जाळी, राखेचा खण, नळ्या आणि धुराडे हा तोच संसार आहे. एकाने गाडी ओढली, दुसरीने भात शिजविला, इतकेच.

आता डागडुजीकडे वळू. आपण माठ घेताना बोटाने वाजवून घेतो, तसे प्रथम चुलीचे प्रत्येक अंग लहान लाकडी हातोडीने वाजवून पाहावे. अखंड बीड खणखणते. चिरलेले बद्द वाजते. मग अंधार पडल्यावर पोटात दिवा ठेवून बाहेरून पाहावे, म्हणजे जेथे जेथे सांधा उघडला आहे तेथे उजेडाची रेघ दिसते. मुख्य पाहावयाचे ते जळणाच्या कोठ्याच्या भिंती, जाळी आणि भट्टीचे छत. वेलबुट्टीची दारे, निकेलची नक्षी, पाय हे सारे नंतर. चूल विकत घेताना मात्र लोक बरोबर उलटे करतात. दार पाहून भुलतात आणि आतील करपून पातळ झालेला कोठा पाहतच नाहीत.

खोलण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक तुकड्याला खडूने क्रमांक घालावा. गंजलेले बोल्ट हा धीराचा विषय आहे. रॉकेल आणि यंत्राचे पातळ तेल मिसळून दिवसातून दोनदा सोडावे, आठवडाभर थांबावे. तरीही फिरेना तर बोल्टाचे डोके कापावे आणि उरलेला भाग छिद्रयंत्राने कोरून काढावा. पाना लावून जोर करू नये. बोल्ट दोन रुपयांचा असतो, आणि ज्या बिडाच्या कानात तो बसला आहे तो कान तुटला तर पुन्हा मिळत नाही. येथे फिटरला एक गोष्ट सांगून ठेवावी. चूल जुनी विलायती असेल तर तिचे आटे व्हिटवर्थ मापाचे असणार. आजचा मिलिमीटरचा बोल्ट त्यात दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर केला की बीड चिरते.

गंज काढण्याच्या अनेक रीती सांगितल्या जातात. तारेचा ब्रश आणि रॉकेल ही सर्वांत साधी, आणि बहुतेक चुलींना पुरेशी. आम्लाच्या वाटेस मात्र जाऊ नये. बिडाच्या बारीक छिद्रांत आम्ल दडून राहते आणि धुऊन ठेवलेला तुकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल होतो. गंज खोल असेल तर विजेची रीत फार चांगली. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, दर लिटरास एक चमचा धुण्याचा सोडा, मोटारीच्या बॅटरीचा बारा व्होल्टचा चार्जर. ऋण टोक चुलीच्या तुकड्याला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला. उलटे जोडले तर गंजाऐवजी चूलच झिजू लागेल. पत्रा स्टेनलेस घेऊ नये, त्यातील क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम परसात, उघड्यावर करावे आणि जवळ विडी पेटवू नये. एका रात्रीत गंज काळ्या चिखलासारखा सुटतो. आणखी एक इशारा. जुन्या चुलींच्या सांध्यांत किंवा भट्टीच्या भोवती राखाडी, दोरखंडासारखे अथवा पुठ्ठ्यासारखे काही आढळले तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे असताना खरडू वा झाडू नये. त्याचे अदृश्य तंतू फुफ्फुसात शिरतात आणि पुढे कित्येक वर्षांनी रोग उत्पन्न करतात. असे आढळल्यास काम थांबवून जाणत्यास दाखवावे.

चिरांचा प्रश्न सर्वांत नाजूक. रस्त्याकडेचा वेल्डिंगवाला ‘पाच मिनिटांत जोडून देतो’ म्हणेल, आणि खरोखरच जोडून देईल. मात्र तुकडा थंड होता होता टाक्याच्या शेजारी नवी चीर टणकन वाजेल. तापलेली रेघ फुगते, भोवतालचे थंड बीड हलत नाही. थंड होताना रेघ आकसते, बीड ताण सोसत नाही. म्हणून सबंध तुकडा सावकाश पाचसहाशे अंशांपर्यंत तापवावा, निकेलच्या काडीने जोडावा, आणि लगेच कोरड्या राखेत गाडून दिवसभर निवू द्यावा. विस्तवाला न लागणाऱ्या भागाला पितळेचा डाख चालतो. विस्तवाला लागून असलेल्या भागावर तो भरवशाचा नाही. खरे सांगावयाचे तर बारीक, स्थिर चिरेला काहीच न करता अग्निमातीने बुजविणे हाच पुष्कळदा शहाणपणाचा उपाय असतो.

जाळी मात्र बहुधा गेलेलीच असते. बीड वारंवार लाल होऊन निवाले म्हणजे ते कायमचे किंचित फुगते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून जुनी जाळी आपल्याच खाचेत अडकून वाकते. नवी ओतवून घ्यावी. आपल्या बंबाच्या जाळ्या ओतणारा ओतारी हे काम करू शकतो. कोल्हापूर आणि बेळगाव ही तर ओतकामाची प्रसिद्ध गावे आहेत. जुनाच तुकडा नमुना म्हणून वाळूत दाबला तर नवा तुकडा शेकडा एक भागाने लहान निघतो, कारण ओतलेले बीड निवताना आकसते. जाळीला हे सोयीचेच आहे, तिला हलण्यास जागा हवीच असते. दाराला मात्र ते चालणार नाही. त्याचा लाकडी नमुना मोठा करून घडवावा लागतो, आणि तसा नमुना घडविणारा सुतार आता शोधावा लागतो. भंगारवाल्याच्या हिशेबात जी किंमत धरलेली नसते ती ही.

सगळे साफ झाले की सांधे अग्निमातीने लिंपून चूल पुन्हा जुळवावी. बोल्ट हाताने घट्ट होतील इतकेच आवळावेत. वर अर्धा फेरा, अधिक नको. तापल्यावर प्रत्येक पत्रा वाढणार आहे, त्याला जागा लागते. बाहेरून ग्रॅफाइटचे काळे पॉलिश. ज्या पृष्ठभागावर भांडी व तवा ठेवावयाचा तेथे रंग नको, पॉलिशही नको. तेथे जवसाचे कच्चे तेल फडक्याने अगदी पुसट लावून मंद तापवावे, आणि असे तीनचारदा करावे. जवसाचे तेल हवेने व उष्णतेने घट्ट होऊन बिडावर काळी, टणक साय धरते. विदर्भात जवस पिकते, तेव्हा हे तेल परक्या डब्यांतून आणण्याचे कारण नाही. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून मगच फेकावीत.

येथवर ऐकून एखादी भगिनी मनात म्हणत असेल, की हे सर्व ठीक, पण चुलीचे कौतुक ज्यांनी धूर सोसला नाही त्यांनी करावे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. फुंकणीने फुंकून डोळे लाल करणाऱ्या पिढ्यांच्या जागी गॅस आला, ही सुटकाच झाली. ती मागे फिरवावी असे कोणी म्हणू नये. परंतु धूर हा लाकडाचा गुण आहे त्यापेक्षा अधिक, धुराड्याच्या अभावाचा आहे. ही गोष्ट आपल्या शेजारच्या वर्ध्यात फार पूर्वी ओळखली गेली. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते आणि मगनवाडी हे त्याचे ठाणे. तेथील मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले. या मगनवाडीतून पुढे ‘मगन चूल’ निघाली. मातीचीच, पण ओळीने भोके, आतून धुराची वाट आणि शेवटी धुराडे. बिडाच्या चुलीने जे श्रीमंत धातूत केले तेच येथे परसातल्या मातीत केले होते. हैदराबादेस डॉ. राजू यांनीही याच दिशेने काम केले आणि १९५३ साली धूररहित स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली.

मग अशा चुली टिकल्या का नाहीत? सरकारने १९८३ नंतर सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला, तो २००२ च्या सुमारास संपला. पुष्कळ चुली त्याआधीच मोडल्या होत्या. धुराडे तुंबले, ते साफ करणारे कोणी नव्हते. भोक फुटून मोठे झाले, ते बुजविणारे कोणी नव्हते. साध्या मातीच्या चुलीला घरची स्त्री रोज पोतेरे देई, म्हणजे तिची डागडुजी रोज होत असे आणि ती करणारीला ती येत असे. नव्या चुलीची डागडुजी कोणाला शिकविलीच नाही. यंत्र देणारे पुष्कळ असतात. ते बिघडले असता काय करावे हे सांगण्यास मागाहून कोणी फिरकत नाही. बिडाच्या चुलीचेही असेच आहे, म्हणून तर एवढा तपशील आपल्यापुढे ठेवीत आहे.

धुराड्यात कसूर करू नये. नळी सहा इंचांची, शक्य तितकी सरळ. तिचे टोक छपराच्या वर आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही दोन फूट वर. ओले लाकूड जाळले की नळीत डांबरासारखी काजळी धरते आणि एखाद्या दिवशी तीच पेट घेते. वर्षातून दोनदा नळी घासावी. चुलीपासून लाकडी भिंत, कपाट, पडदा हे तीन फूट दूर. आपल्याकडील जुन्या घरांना सागवानी पाटण असते. तेथून नळी नेताना गवंड्याच्या हातची नीट बांधलेली वाट हवी, पत्र्याला भोक पाडून भागणार नाही. आणि झडप पूर्ण मिटून, दारे-खिडक्या लावून विस्तव धुमसत ठेवून कोणी निजू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ही चूल रोज वापरावी काय? माझे मत स्पष्ट आहे, वापरू नये. दीडशे किलो बीड पंचविसावरून दोनशे अंशांवर नेण्यास सुमारे २,९०० किलोकॅलरी उष्णता लागते. कोरडे लाकूड किलोमागे सुमारे ४,३०० देते. म्हणजे चहाचे आधण चढण्यापूर्वीच पाऊण किलोच्या जवळपास लाकूड नुसत्या लोखंडाच्या वाट्याला जाते. थंड देशात ती उष्णता वाया जात नाही, कारण तिने घर ऊबदार होते. नागपूरच्या मे महिन्यात तिचे काय करावयाचे? अमेरिकेतील शेतकरीसुद्धा उन्हाळ्यात घरापासून वेगळ्या स्वयंपाकघरात रांधीत. आपल्याकडे ही चूल परसात, पत्र्याच्या छपराखाली बसवावी आणि डिसेंबर-जानेवारीत, घरात पंधरावीस पाने वाढावयाची असतील त्या दिवशी पेटवावी. तेव्हा मात्र तिची खरी मजा कळते. चार भोकांवर भात, वरण, भाजी आणि पाणी, भट्टीत वांगी. एक झाकण काढले की भाकरी सरळ आचेवर फुगते. तळ गोल असलेल्या पातेल्यांसाठी झाकणाच्या एकात एक बसणाऱ्या कड्या असतात, त्या काढून भोक हवे तेवढे मोठे करावे. आपली मटक्यावरची लांब पोळी मात्र तिच्यावर होणार नाही. तिला मातीचा मटका आणि मोकळी ज्वाळाच पाहिजे.

लाकूड बाभळीचे घ्यावे, फोडून निदान एक उन्हाळा वाळविलेले. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते आटविण्यात जळण जाते आणि धूर घरात येतो. डागडुजीनंतरचे पहिले तीन विस्तव लहान असावेत. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी थोड्या अधिक, तिसऱ्या दिवशी एखादे लाकूड, म्हणजे सांध्यांतील ओली माती सावकाश वाळते. तापल्या पत्र्यावर गार पाणी कधीही शिंपडू नये. हिवाळा संपला की राख संपूर्ण काढावी. राख ओल शोषते आणि तळ खाते. मृग लागण्यापूर्वी धुराड्यावर पालथा डबा, सर्व पृष्ठभागांवर जवसाच्या तेलाचा हात, आणि आत एका मडक्यात चुनकळी ठेवून दारे मिटावीत. दिवाळीला उघडाल तेव्हा चुनकळीचे पीठ झालेले असेल. ते फेकून द्यावे, आणि पेटविण्यापूर्वी नळीत चिमण्यांनी घरटे केले नाही ना, हे वाकून पाहावे.